खिचडीला कायदा आहे, पाटीला नाही

सकाळचे साडेदहा. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत अंगणवाडीची दहा बाय बाराची खोली. सतरंजीवर सत्तावीस मुलं. एका भिंतीला लोखंडी कपाट, त्यावर वजनकाटा. कोपऱ्यात घरमालकाचा सिलिंडर आणि गाद्यांची चळत, कारण दुपारनंतर ही खोली पुन्हा त्याच्या घरातली होते. सेविका ताई फळांचा तक्ता दाखवत होत्या. सीताफळ आलं तेव्हा एकाही मुलाला ओळखता आलं नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा आकार केला, बिया थुंकायची नक्कल केली, मुलं खदखदून हसली. तेवढ्यात दारात खिचडीचा डबा आला आणि अर्धा वर्ग उठून पाण्याच्या ड्रमाकडे पळाला.

मुलं जेवायला बसल्यावर मी ताईंना विचारलं, "डबा रोज येतो?"

"रोज. बचत गटाचं बिल महिनोन्महिने अडकतं, पण डबा चुकत नाही. चुकला तर जाब द्यावा लागतो."

"आणि हे तक्ते, पाट्या, रंग?"

"तक्ता माझ्या मुलीचा. ती मोठी झाली, मी इकडे आणला. बाकी आलं तर आलं."

जाब द्यावा लागतो, आणि आलं तर आलं. गरीब घरातल्या मुलांच्या शाळापूर्व शिक्षणावर सरकारी पैसा कोणी, किती आणि का खर्चायचा, हे भांडण आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. ते समजून घ्यायचं तर ताईंच्या या दोन उत्तरांमधला फरक कुठून आला, तो आधी शोधावा लागतो.

अंगणवाडी कोणाची, बालवाडी कोणाची

अंगणवाडी हा शब्द आपल्या मातीतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे काम केलं, त्यातून तो आला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, इतका साधा विचार. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. त्या पहिल्या ३३ मध्ये आपली धारावी होती.

या योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण. सहाही एकाच खोलीतून, एक सेविका आणि एक मदतनीस यांच्या हातून.

मुंबईत गुंता असा की अंगणवाडी महापालिकेची नाही. ती राज्याच्या महिला व बालविकास विभागाची. लस टोचायला येणारी नर्स मात्र महापालिकेच्या हेल्थ पोस्टची. शिवाय महापालिकेचा शिक्षण विभाग स्वतःच्या बालवाड्या चालवतो, बऱ्याचदा संस्थांच्या मदतीने. 'प्रथम' ही आज देशभर ओळखली जाणारी संस्था १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांमध्ये बालवाड्या चालवतच उभी राहिली. आता महापालिकेच्या मुंबई पब्लिक स्कूलमध्येही नर्सरी, केजीचे वर्ग आहेत. एकाच गल्लीत राज्याची अंगणवाडी, पालिकेची बालवाडी आणि कोणीतरी घरात काढलेली महिना काही शे रुपयांची 'इंग्लिश नर्सरी' अशा तिन्ही असतात. दोन गल्ल्या सोडून पुढे यांतलं काहीच नसतं.

पैसा कुठून येतो हे विचारलं की म्हणूनच एक उत्तर मिळत नाही.

आठ रुपये

खिचडीपासून सुरुवात करू, कारण तिचा हिशेब सगळ्यांत स्पष्ट आहे.

एका मुलाच्या एका दिवसाच्या आहारासाठी केंद्राने ठरवलेला दर २००८ मध्ये ४ रुपये होता, २०१२ मध्ये ६, २०१७ मध्ये ८. त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली, तरी आकडा आठावरच थांबून राहिला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हे दर वाढवण्याची घोषणा झाली, यावरूनच तो किती काळ थिजला होता ते कळतं. या आठ रुपयांत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची, असा २०१३ च्या कायद्यातला मूळ निकष होता. तांदूळ-गहू सवलतीच्या दराने मिळतो हे खरं. पण डाळ, तेल आणि भाजी बाजारभावानेच घ्यावी लागते. मुंबईत एका अंड्याला सहा-सात रुपये पडतात. रस्त्यावरचा वडापाव पंधरा-वीस रुपयांना आहे.

या आठातले चार केंद्राचे, चार राज्याचे. २००५ पर्यंत आहाराचा सगळा खर्च राज्यांवर होता. त्यानंतर केंद्र निम्मा वाटा उचलायला लागलं.

आहार शिजवायचा कोणी, यावर वेगळी लढाई झाली. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, काम बचत गट आणि महिला मंडळांकडे जावं. तरी निविदांच्या अटी अशा लिहिल्या जायच्या की वस्तीतला बारा बायकांचा गट त्यात बसूच शकत नसे. महाराष्ट्रातल्या घरपोच आहाराची २०१६ ची निविदा याच कारणावरून कोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. आठ रुपये एका मुलाचे दिसतात. राज्यातल्या लाखो मुलांनी आणि वर्षाच्या ३०० दिवसांनी गुणले की तो शेकडो कोटींचा धंदा होतो. निविदेच्या अटींवर इतकी ओढाताण का, ते तिथे कळतं.

क्रियापद बघा

आता मूळ प्रश्न. खिचडी चुकली तर जाब, पाटी आली तर आली, असं का?

कायद्यांची भाषा वाचताना मी एक सवय लावून घेतली आहे: नाम सोडायचं, क्रियापद बघायचं. 'देईल', 'देऊ शकेल' आणि 'देण्याचा प्रयत्न करील' ही ऐकायला सख्खी भावंडं वाटतात. पैशाच्या बाबतीत मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये म्हटलं होतं की चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. ते मार्गदर्शक तत्त्व होतं, हक्क नव्हता. पण 'चौदापर्यंतची सर्व मुलं' म्हटल्यावर त्यात तीन वर्षांचं मूलही येत होतं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने या मुलांची वाटणी केली. सहा ते चौदाच्या मुलांना कलम २१-क मिळालं, मूलभूत हक्क. सहाच्या आतली मुलं नव्या कलम ४५ मध्ये राहिली आणि त्यांच्या वाट्याला जुनंच क्रियापद आलं: राज्य प्रयत्न करील. मोठी भावंडं घरात गेली, धाकटी ओसरीवर राहिली.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा बघा. सहा वर्षांच्या पुढे तो सरकारवर बंधन घालतो. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्यात कलम ११ आहे, आणि ते म्हणतं की सरकार मोफत शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था करू शकेल.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, प्राथमिक शाळा चालवणं त्यात येतं. बालवाडी त्यात नाही. प्राथमिकशिवायचं शिक्षण कलम ६३ मध्ये, ऐच्छिक कर्तव्यांत. २०२५-२६ साठी पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. एवढी श्रीमंत महापालिका बालवाडीवर कमी खर्च करते, अशी तक्रार आपण करतो आणि ती रास्तच आहे. पण कायद्याच्या दृष्टीने ती जे काही करते ते तिची मर्जी आहे.

याच्या शेजारी २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा ठेवा. त्याच्या कलम ५ नुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून वयाला योग्य आहार मोफत मिळण्याचा हक्क आहे. आहार दिला नाही तर कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. इथे 'शकेल' नाही, 'प्रयत्न' नाही.

सत्तावीस मुलांच्या त्या खोलीत एकाच मुलाच्या पोटाला 'देईल' लागू आहे आणि डोक्याला 'देऊ शकेल'. ओढाताणीच्या वर्षात वित्त विभागाला कात्री लावायची असेल तर ती कुठे लागणार, हे आधीच ठरलेलं असतं.

अन्नाच्या बाजूला कायदा आला तो आपोआप नाही. २००१ मध्ये पीयूसीएल या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून वर्षानुवर्षं आदेश निघत राहिले, योजनेतल्या गोष्टी हळूहळू हक्क झाल्या. शाळापूर्व शिक्षणाच्या बाजूने इतका लांब पल्ल्याचा लढा झाला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ होते असंही त्यात लिहिलं आहे. पण धोरण वाचून कोणाला कोर्टात उभं करता येत नाही.

खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवरूनही असाच पेच झाला. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असेल तर आरक्षण तिथूनच लागू, असं शिक्षण हक्क कायदा म्हणतो. मग त्या वर्षांची फी शाळेला कोण परत देणार? २०१५ मध्ये महाराष्ट्रात हा वाद उच्च न्यायालयात गेला. तिथेही रेघ सहा वर्षांच्या उंबऱ्यावरच ओढली गेली होती.

मोठा भाऊ, धाकटा भाऊ

केंद्र आणि राज्याचं भांडण समजायला एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणा. मोठ्या भावाने घरात एक नवी सोय केली, म्हणाला खर्च माझा. काही वर्षांनी म्हणाला, शंभरातले दहा तू दे. आणखी काही वर्षांनी म्हणाला, आता चाळीस तुझे. सोय कशी चालवायची याचे नियम मात्र त्याचेच.

अंगणवाडीच्या आहाराव्यतिरिक्त खर्चाचं नेमकं असंच झालं. २००९ पर्यंत तो पूर्ण केंद्राचा होता. मग ९०:१०. २०१५ नंतर ६०:४०. २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात तर योजनेची केंद्रीय तरतूद आधीच्या वर्षीच्या सुमारे १८,००० कोटींवरून एकदम निम्म्याखाली आली, इतकी की तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनी जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. पुढे पुरवणी मागण्यांतून काही पैसा परत आला.

केंद्राची बाजू अगदीच पोकळ नव्हती. चौदाव्या वित्त आयोगाने करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला होता. तुमच्या हातात जास्त पैसा आला, मग तुम्ही खर्च करा, असं केंद्राचं म्हणणं. राज्यांचं म्हणणं, तो पैसा कशासाठी म्हणून बांधलेला नाही, त्यावर कर्जमाफी, पगार, रस्ते सगळ्यांचाच डोळा असतो. शिवाय उपकर आणि अधिभाराचा पैसा केंद्र वाटून देतच नाही. दोघांचंही बरोबर असू शकतं. पण तीन वर्षांच्या मुलाचं मतदारयादीत नाव नसतं, म्हणून अशा भांडणात त्याच्या बाजूने जोर लावणारं कोणी नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाटा ठरल्यानंतरही पैसा लगेच येत नाही. २०२१ च्या नियमांनी केंद्र आणि राज्य मिळून चालवतात अशा प्रत्येक योजनेसाठी राज्यात एक मुख्य खातं ठेवलं. केंद्राने एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम सोडायची नाही, असं त्यात ठरलं. आधीच्या पैशातला किमान ७५ टक्के खर्च झालेला दिसला पाहिजे आणि राज्याने आपला वाटा त्या खात्यात टाकलेला पाहिजे, मग पुढचा हप्ता. पैसा खात्यांत पडून राहू नये हा हेतू चांगलाच आहे. पण वर एका ठिकाणी अडलं की खाली सगळं कोरडं पडतं. त्या खोलीत डबा पाठवणाऱ्या गटातल्या एका बाईंनी मला वाण्याकडची वही दाखवली. तूरडाळ, तेल, मीठ, हळद, पुन्हा तूरडाळ. तीन पानं भरली होती आणि खाली जमा काहीच नव्हतं. सरकारची थकबाकी अशी वाण्याच्या वहीत बायकांच्या नावावर चढते.

मानधन

अंगणवाडी ताईंना पगार मिळत नाही, मानधन मिळतं. त्या कर्मचारी नाहीत, मानसेवी आहेत. भाषेतला हा आदर त्यांना फार महाग पडला आहे.

केंद्राच्या हिशेबात ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचं मानधन ४,५०० रुपये आणि मदतनिसाचं २,२५०. केंद्राचा वाटा या आकड्यावर ठरतो. त्याच्या वरचं राज्य देतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून हे १०,००० आणि ५,५०० झालं, २०२४ च्या निवडणुकीआधी १३,००० आणि ७,५०० करण्याचा निर्णय झाला, वर कामावर आधारित प्रोत्साहन भत्ता. मधल्या काळात, ४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४, राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस ५२ दिवस संपावर होत्या. आझाद मैदानात थंडीत बसलेल्या त्या बायकांची मागणी नुसत्या वाढीची नव्हती. वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन हवं होतं, म्हणजे 'देईल' हे क्रियापद हवं होतं.

२००६ च्या अमीरबी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अंगणवाडी सेविका हे शासकीय पद नाही. २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात सांगितलं की सेविका आणि मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. दार थोडं किलकिलं झालं.

दिवाळीला शासन त्यांना २,००० रुपये देतं, त्याला भाऊबीज भेट म्हणतात. ताई त्याबद्दल म्हणाल्या, "ओवाळणी मी आनंदाने घेते. पण भावाकडून ओवाळणी घ्यायची आणि कामाचा पगार घ्यायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना?"

खोलीचं भाडं

हे दुखणं खास मुंबईचं. गावात ग्रामपंचायत जागा देते, समाजमंदिर असतं. इथे खोली भाड्याने घ्यावी लागते, आणि केंद्राच्या निकषात महानगरासाठी भाड्याची मर्यादा महिना ६,००० रुपये ठरली. तीस मुलं, आठ रुपये, पंचवीस दिवस, गुणाकार करून बघा. तेही ६,०००. महिन्याभराच्या जेवणाला जेवढे पैसे, तेवढ्यात मुंबईत खोली शोधायची. एवढ्यात मिळते ती खोली अशी असते: सिलिंडर कोपऱ्यात, संडास नाही, खिडकी असलीच तर गटाराकडे. डिपॉझिट कोणी भरायचं याचं उत्तर निकषात नाही.

गंमत नव्हे, दुःख याचं की जागा याच शहरात बांधून तयार आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत बिल्डरला रहिवाशांसाठी बालवाडीची खोली बांधून द्यावीच लागते, असा नियम आहे. मी पाहिलेल्या एका इमारतीत तळमजल्यावर दारावर 'बालवाडी' असं रंगवलेलं होतं आणि आत सोसायटीच्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर रचून ठेवलं होतं. समोरच्या गल्लीत अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरते. पुनर्वसन गृहनिर्माण विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, इमारत सोसायटीच्या ताब्यात. तिघांना एका टेबलाशी बसवणं कोणाचंच बंधनकारक काम नाही. माझं विचाराल तर मुंबईत नव्या पैशाआधी या खोल्यांची यादी करावी. एक रुपया न वाढवता कित्येक मुलांना खिडकी आणि संडास मिळेल.

सेविकांचा आणखी एक धास्तीचा विषय आहे: तीन ते सहाची मुलं हळूहळू शाळांच्या नर्सरीत गेली तर अंगणवाडीकडे नुसता आहार उरेल, मग आपलं काय? शाळेत जागा, प्रकाश, मैदान आहे हे खरं. पण तीन वर्षांचं मूल हायवे ओलांडून शाळेत जात नाही. ते गल्लीतच जातं.

चाळीस नावं

१३ डिसेंबर २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातलं एक वाक्य फार कमी लोकांना ठाऊक आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. गावांना लागू, झोपडपट्टीलाही लागू. शाळापूर्व शिक्षणाच्या सगळ्या कागदांत मला 'मिळाली पाहिजे' असं ठाम क्रियापद सापडलं ते इथे. अर्ज साधा असतो: वस्तीचं नाव, मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांच्या सह्या, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची.

ताईंच्या खोलीपासून नाला ओलांडून पलीकडे जी वस्ती आहे, तिथे अंगणवाडी नाही. तिथल्या चार बायका आणि मी मागच्या रविवारी वही घेऊन निघालो. काहींच्या जन्माचे दाखले गावी होते, काहींचे लॅमिनेट करून गादीखाली. एका आजीने नातीचा दाखला देताना विचारलं, "पाटी पण देतात ना तिकडे?" दुपारी दोनपर्यंत सदतीस नावं झाली. नाल्याच्या टोकाला भंगारवाल्यांची सहा घरं राहिली होती. बाया म्हणाल्या, संध्याकाळी जाऊ, तेव्हा माणसं घरी असतात.